कापूस, साखर आणि ‘अन्योन्यतेचा तह’

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) जळगाव-धुळ्याकडील, म्हणजे तत्कालीन अविभक्त खानदेश जिल्ह्यातील, कापसाला सोन्याचे मोल आले, हे सर्वश्रुत आहे. त्याच युद्धाने लुइझियानाची साखर अडली व हवाई बेटांचा ऊस वधारला, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. युद्धानंतर दोन्हीकडे मंदी आली. खानदेश आधीच परसत्तेखाली होता. हवाई हे स्वतंत्र राज्य होते. तेथील मळेवाल्यांना हवी असलेली जकातमाफी १८७५ च्या तहाने मिळाली. त्या तहाचे नाव ‘अन्योन्यतेचा’. परंतु आपले बंदर अन्य सत्तेस न देण्याचे बंधन एकट्या हवाईवर! शब्दार्थाचा अभ्यासक येथे थबकतो. १८८७ मध्ये मुदतवाढीच्या मोबदल्यात पर्ल हार्बरच्या वापराचा अनन्य हक्क अमेरिकेस मिळाला, १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली, आणि १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध चालू असतानाच, अमेरिकेने ही बेटे आपल्या राज्यास जोडून घेतली.