हौशी छायाचित्रकाराचा पुरावा : डहाणू-तलासरी परिसरातील वास्तू, रान आणि अळंबी

प्रस्तावना

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेले डहाणू आणि तलासरी हे तालुके इतिहासलेखनात प्रामुख्याने तीन निमित्तांनी येतात : १७३९ ची वसई मोहीम, पारशांचे आगमन व स्थलांतर आणि १९४५ पासूनचा वारल्यांचा लढा. या तिन्ही विषयांवर लिखित साधने उपलब्ध आहेत. परंतु येथील घरे, वाडे, किल्ल्यांच्या भिंती, शेतांचे बांध आणि रानातील वनस्पती प्रत्यक्षात कशा दिसत होत्या, याविषयीची दृश्य साधने मात्र फारच विरळ आहेत. ही उणीव ज्यांच्याकडून काही अंशी भरून निघू शकते असा एक वर्ग म्हणजे हौशी छायाचित्रकार होय. सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन निघणारा शिक्षक, डॉक्टर, बँकेतील कर्मचारी किंवा विद्यार्थी किल्ला टिपतो, माळ टिपतो आणि पावसाळ्यात पालापाचोळ्यातून वर आलेली अळंबीही टिपतो. या चित्रांना पुराव्याचे मोल केव्हा येते आणि केव्हा येत नाही, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात पश्चिम भारतातील हौशी छायाचित्रणाच्या परंपरेच्या आधारे केला आहे.

मुंबईतील हौशी परंपरा

‘हौशी’ या शब्दाला आज जी दुय्यमपणाची छटा आहे ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नव्हती. १८५४ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली, तेव्हा तिच्यात लष्करी अधिकारी, मुलकी नोकर आणि डॉक्टर यांचा भरणा होता. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या संस्थेशी निगडित होते. नारायण दाजी हे तर त्या काळातील उल्लेखनीय भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. वैद्यक हा त्यांचा व्यवसाय होता, छायाचित्रण हा व्यासंग. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात खऱ्या छायाचित्रांच्या प्रती चिकटवून जे नियतकालिक काढले, त्याच्या नावातच भारतातील ‘हौशी’ मंडळींचा निर्देश होता.

सरकारने या हौसेचा लवकरच उपयोग करून घेतला. ईस्ट इंडिया कंपनीला चित्रकारांकडून प्राचीन वास्तूंची रेखाटने करवून घेणे खर्चिक आणि वेळखाऊ वाटू लागले होते. १८५५ मध्ये तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांची विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंच्या छायाचित्रणासाठी नेमणूक झाली. पुढे हे काम डॉ. पिगू यांच्याकडे गेले. विजापूर आणि धारवाड-म्हैसूर येथील वास्तूंवरील भव्य ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. घुमट, शिखर, कोरीव स्तंभ हे या ग्रंथांचे विषय. ज्या वास्तूला शैलीचे नाव देता येते तीच टिपण्याजोगी, हा निकष तेव्हा रूढ झाला आणि तो आजच्या हौशी छायाचित्रकाराच्या नजरेतही टिकून आहे. कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून उभारलेले वारली घर या निकषात कधीच बसले नाही.

याच काळातील एक ग्रंथ प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळचा आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्य वेचलेले मेजर रॉबर्ट गिल यांनी घेतलेली शंभर त्रिमितीय छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या टिपणांसह १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘वास्तुकला’ आणि ‘निसर्गेतिहास’ हे दोन्ही शब्द त्या ग्रंथाच्या शीर्षकात एकत्र आले आहेत. लेणे आणि अरण्य एकाच माणसाने एकाच कॅमेऱ्याने टिपावे, यात त्या पिढीला विसंगत काही वाटले नाही. गिल हे नामांकित शिकारी होते, हे मात्र ध्यानी घ्यावे लागते. त्या काळच्या निसर्गेतिहासात मोठ्या जनावरांना जो मान होता तो बुरशीला मिळणे शक्य नव्हते. तांत्रिक अडचणही होतीच. ओल्या कोलोडियनची काच लेप वाळण्यापूर्वीच वापरून धुवावी लागे, आणि रानातील अंधूक उजेडात दीर्घ काळ प्रकाश द्यावा लागला की वाऱ्याने हललेले प्रत्येक पान पुसट होई. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा सहज मिळू लागल्यावर हा जाच संपला. रंगीत फिल्म यायला १९३५ उजाडले. रंगाविना अळंबीचे चित्र बरेचसे मुके असते.

या परंपरेतील एक दोषही येथे नोंदवणे अगत्याचे आहे. जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील जातीजमातींविषयीचे जे दोन खंड प्रसिद्ध केले, त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसऱ्याच छायाचित्रातून आणलेली आहे. पोशाख खरा, चेहरा खरा, देऊळही खरे. पण तो माणूस त्या देवळापुढे उभा नव्हता. चित्रातील प्रत्येक घटक अस्सल असूनही एकूण विधान खोटे असू शकते, याचे हे उदाहरण. आज भ्रमणध्वनीवर आकाश बदलून घेण्याची जी सोय आहे तिचे पूर्वज फार जुने आहेत.

डहाणू-तलासरीतील वास्तू

वसईच्या संदर्भात या परंपरेने मोलाचे काम केले. गोमंतकीय डॉक्टर जे. गर्सन द कुन्या यांचा चौल-वसईच्या प्राचीन अवशेषांवरील ग्रंथ १८७६ मध्ये छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. त्यामुळे वसईच्या पडक्या चर्चवास्तूंची तत्कालीन स्थिती आज ताडून पाहता येते. डहाणूला असा डॉक्टर लाभला नाही. १८६४ मध्ये मुंबईला गुजरातशी जोडणारा लोहमार्ग डहाणूवरून गेला, १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. वर्णने झाली, पण छायाचित्रांच्या प्रसिद्ध मालिकांनी आपला मार्ग विजापूर, अजिंठा, वेरूळ असाच ठेवला. डहाणूच्या खाडीवरील पोर्तुगीज किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांकडे आला. वसई किंवा अर्नाळ्याच्या मानाने तो लहान, आणि म्हणूनच दुर्लक्षित. त्याच्या भिंतीत रुजलेल्या पिंपळवडाची मुळे दर पावसाळ्यात किती पसरली, हे सांगू शकणारा पुरावा म्हणजे एकाच जागेवरून वर्षानुवर्षे घेतलेली छायाचित्रे. सुंदर सूर्यास्तापुढील किल्ल्याचे चित्र या कामी निरुपयोगी ठरते.

बोर्डीजवळच्या बारोट डोंगरातील लेण्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. संजाणच्या पाडावानंतर पारशांनी आपला पवित्र अग्नी या डोंगरात बारा वर्षे जपला, तेथून तो वांसद्याला नेला, अशी परंपरा आहे. नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी १६०० च्या सुमारास फारसी पद्यात रचलेल्या ‘किस्सा-इ-संजान’ मध्ये ती आली आहे. हा अग्नी १७४२ पासून उदवाड्यास आहे. १९६० च्या राज्यविभाजनात उंबरगाव, संजाण गुजरातेत गेले आणि बारोट महाराष्ट्रात राहिले. एकाच कथेची स्थळे दोन राज्यांच्या दप्तरांत विभागली गेली. त्यातच १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्याने त्यापूर्वीच्या प्रत्येक छायाचित्रावर ‘जिल्हा ठाणे’ असेच लिहिलेले सापडणार. गावाचे नाव न लिहिता केवळ जिल्हा नोंदवणाऱ्या संग्राहकाने उद्याच्या अभ्यासकास केवढ्या शोधास लावून ठेवले आहे, याची कल्पना यावरून यावी.

या लेण्यांसारख्या ओलसर दगडावर पावसाळ्यानंतर काळे-करडे, कधी फिकट हिरवे थर दिसतात. त्यांत शैवाल असते, तसे दगडफूलही असते. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. तेव्हा लेण्याचे छायाचित्र घेणारा माणूस नकळत बुरशीचेही छायाचित्र घेत असतो. दगडफुलाची वाढ संथ असल्याने मोजपट्टीसह घेतलेले चित्र दहा-वीस वर्षांनी संवर्धकाच्या उपयोगी पडते. मोजपट्टीवाचून मात्र तो केवळ एक डाग राहतो.

वाडे आणि बंगल्यांच्या बाबतीत निराळाच प्रश्न उभा राहतो. जमीनदार व जंगल ठेकेदार यांची कौलारू घरे आज ‘वारसावास्तू’ म्हणून टिपली जातात. नक्षीदार खांब, ओटी, झोपाळा यांचे चित्र मोहक दिसते. परंतु याच परिसरात वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत चालत होती. मे १९४५ मध्ये झरी येथे जमलेल्या हजारो आदिवासींनी वेठीस नकार देण्याचा निर्धार केला. गोदावरी परुळेकर यांच्या ग्रंथात तो लढा सविस्तर आला आहे. ओटीचे चित्र अंगणात कोणास उभे ठेवले जाई हे सांगत नाही. तेथे चित्राखालील मजकुराला पर्याय नाही, आणि तो मजकूर गावातील वृद्धांना विचारूनच लिहावा लागतो.

वारली घराच्या भिंतीचे तर आयुष्यच अल्प. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात. पुढल्या सारवणात तो जातो. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांची कला सत्तरच्या दशकात कागदावर उतरली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांचे नाव राहिले. त्यापूर्वी भिंतींवर चौक लिहिणाऱ्या असंख्य स्त्रियांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. चौकाचे छायाचित्र घेताना तो लिहिणारीचे नाव, तिच्या संमतीने, नोंदवण्यास क्षणभर पुरतो.

रानातील अळंबी

अळंबीचा प्रश्न वास्तूपेक्षा नाजूक आहे, कारण ती चार-आठ दिवसांत कुजून जाते आणि चुकीची ओळख प्राणघातक ठरू शकते. पहिल्या पावसानंतर वारुळांवर उगवणारी अळंबी आदिवासी कुटुंबे आवडीने खातात. शास्त्रज्ञ तिला टर्मिटोमायसिस म्हणतात. वाळवी वारुळाच्या पोटात पालापाचोळ्याचे पोळे रचून त्यावर ही बुरशी वाढवते, तीच तिचे अन्न. पोषक हवामान मिळताच तिचा दांडा मुळासारखा लांब होत मातीतून वर येतो व छत्री उघडते. छायाचित्रात दिसते ती केवळ छत्री. ओळख पटवणारा लांब दांडा जमिनीतच राहतो. हौशी छायाचित्रकाराचा आवडता कोन, म्हणजे जमिनीशी डोळा लावून घेतलेले छत्रीचे बाजूचे दृश्य, अभ्यासकाला म्हणूनच पुरत नाही. खालच्या पात्या, दांड्याचा तळ, कापल्यावर होणारा रंगबदल आणि कागदावर घेतलेला बीजाणूंचा ठसा यांची चित्रे हवीत. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर पडतो. पावसाळ्यात गवतावर उगवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी छत्रीचा ठसा हिरवट असतो. कोवळेपणी मात्र तिच्या पात्या पांढऱ्या असल्याने नुसत्या चित्रावरून भलेभले फसतात. पुष्कळ जातींची निश्चिती सूक्ष्मदर्शकावाचून होतच नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवकसंग्रह आहे; अशा ठिकाणी वाळवलेला नमुना आणि त्याचे छायाचित्र यांची जोडी असेल तरच चित्राला वैज्ञानिक आधार मिळतो.

येथे हौशी अभ्यासकाचा मान कमी होत नाही. १८८३ मध्ये मुंबईत जमलेल्या ज्या आठ जणांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे व्यवसायाने डॉक्टर होते. फरक इतकाच की ते नोंदी ठेवत.

नोंदीची निकड

२० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि उद्योगांचे क्षेत्र ५०० एकरांपुरते मर्यादित झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशान्वये स्थापन झालेल्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ भूषवले. त्यानंतर मालवाहू रेल्वेमार्ग, मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे, वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग यांची कामे या पट्ट्यात आली. जून २०२४ मध्ये सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या वाढवण बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. या प्रकल्पांच्या बाजूने वा विरोधात कोणतीही भूमिका घेतली, तरी ‘पूर्वी येथे काय होते’ हा प्रश्न टळत नाही. त्याचे उत्तर देणारी चित्रे आज शेकडो खासगी संगणकांत आणि भ्रमणध्वनींत विखुरलेली आहेत. त्यांपैकी कित्येकांत कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे, तर कित्येक पुढे पाठवताना दिनांक व स्थळाची माहिती गळून पडलेली असते.

परिसरातील महाविद्यालयांना हे काम हाती घेता येण्याजोगे आहे. इतिहास आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी मिळून एक नोंदवही ठेवावी. तीत गाव, पाडा, दिनांक, कॅमेऱ्याची दिशा, मोजपट्टी, स्थानिक नाव आणि ते सांगणाऱ्याचे नाव असावे. स्थानिक नाव वारलीत जसे उच्चारले जाते तसेच लिहावे, त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये. एका बाबतीत मात्र संयम हवा. अळंबीच्या वारुळाचे अचूक स्थान सर्वांसमोर आले की बाजारासाठी खणणारे तेथे पोहोचतात आणि वारूळ फोडले गेले की पुढल्या पावसात तेथे काही उगवत नाही. ते स्थान नोंदवहीत राहावे, प्रदर्शनातील चित्राखाली केवळ गावाचे नाव द्यावे, आणि वारूळ ज्या पाड्याच्या वापरातील असेल त्या पाड्याला विचारूनच तेही द्यावे.