काडतुसाच्या लांबीतील तफावत
काडतुसाच्या लांबीतील तफावत : वापरलेल्या पितळी पुंगळीत नवी टोपी, दारू व गोळी बसवून काडतूस पुन्हा भरताना त्याच्या एकूण लांबीत पडणारा फरक. प्रोग्रेसिव्ह प्रेस या काडतुसे भरण्याच्या यंत्रात फिरत्या तबकडीवरील सर्व पुंगळ्यांवर तरफेच्या एकाच ओढीत वेगवेगळ्या क्रिया होतात. तबकडी अर्धवट भरलेली असल्यास ताण बदलून ती किंचित कलते व लांबी बदलते.

इतर कारणे : गोळी दाबून बसवणारा पण तिच्या आकाराशी न जुळणारा दांडा, तो ज्यात असतो त्या डायमध्ये (साच्यात) साचलेले शिसे व वंगण, सैल नट, वेगवेगळ्या बनावटीच्या पुंगळ्या आणि तरफेची अपुरी ओढ. दांडा बहुधा गोळीच्या वक्रभागावर टेकतो, माप मात्र टोकापर्यंत घेतात. त्यामुळे गोळ्यांच्या टोकांतील असमानताही मापात उतरते.

९ मिमी लूगर काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिमी आहे. गोळी फार खोल बसल्यास पुंगळीतील जागा घटून दाब धोकादायक वाढतो. काडतूस लांब राहिल्यास ते मॅगझिनमध्ये किंवा नळीत अडकते.

उपाय : डाय स्वच्छ करावी, नट आवळावेत, तबकडीवरील सर्व स्थाने भरलेली असतानाच डायची जुळणी करावी आणि कॅलिपरने सलग काही काडतुसे मोजावीत. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत.