मानेतली गुंगी

दाढी करताना वडिलांनी हनुवटी वर करून मान डावीकडे वळवली आणि ते आरशासमोरच खाली बसले. भानावर आले तेव्हा गालावरचा साबण ओलाच होता. डॉक्टर म्हणाले, "कॅरोटिड सायनस नाजूक झालाय. घट्ट कॉलर नको." घरी येऊन 'कॅरोटिड'चं कूळ शोधलं आणि थक्क झालो. ग्रीकमध्ये 'कारोस' म्हणजे गाढ गुंगी. बेसिनपाशी जे घडलं, ते मानेतल्या त्या धमनीच्या नावातच होतं!

यावर एक दुसरा पक्ष आहे. तो म्हणतो, मूळ शब्द 'कारा', म्हणजे डोकं. डोक्याकडे जाणारी ती कॅरोटिड. या पक्षाचा मोह मलाही पडला, कारण त्या मुळाशी आपलं 'शिर' आणि 'शिंग' यांचं नातं सांगतात. पण मानेतून वर जाणारं सगळंच डोक्याकडे जातं, मग हिलाच हे नाव का? शिवाय गुंगीच्या बाजूने साक्षीदार आहे. इ.स. 100च्या सुमारास इफिससचा वैद्य रूफस लिहितो की या धमन्या दाबल्या की माणूस गुंगतो, त्याची वाचा जाते, म्हणून जुन्यांनी हे नाव ठेवलं. आणि पुढे बजावतो, की हा प्रताप धमन्यांचा नाही, शेजारच्या नसांचा आहे.

मी गुंगीच्याच पक्षाचा. कोणी म्हणेल, दोन्ही बाजू आवळल्या तर मेंदूचं रक्त तुटतं, गुंगी येणारच. खरं आहे. पण एकच बाजू दाबली तरी हृदय मंदावतं, ते कशाने?

1860च्या दशकात शरीरक्रियाशास्त्रज्ञ चेर्माकने हे स्वतःच्या मानेवर पाहिलं आणि धमनीशेजारची व्हेगस नस दाबली गेली असं ठरवलं. म्हणजे रूफसचाच निवाडा. 1920च्या दशकात कोलोनमध्ये हेरिंगने तो फिरवला. व्हेगस नव्हे, धमनी जिथे दुभंगते तिथला फुगवटा, म्हणजेच कॅरोटिड सायनस, दाबला की हृदय मंदावतं. त्या फुगवट्याच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं असतात. रक्तदाब वाढला की भिंत ताणली जाते आणि नवव्या मस्तिष्क नसेतून वर्दी जाते. धमनी की नस, या जुन्या वादात दोघंही बरोबर निघाले: नस धमनीच्या भिंतीतच होती.

वर्दी पोचते ती शाळेच्या पुस्तकातल्या मस्तिष्कपुच्छात, एका पेशीपुंजाकडे. त्याचं लॅटिन नाव 'सॉलिटेरियस', म्हणजे एकाकी. काम मात्र एकाकी नाही. जिभेची चवही तिथेच येते. तिथून व्हेगसमार्फत हृदयाला 'हळू' असा हुकूम सुटतो आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा ढिल्या पडतात. आपण झटकन उभे राहतो तेव्हा उलटं होतं: दाब घसरतो, वर्दी विरळ होते, ठोके वाढतात. भीती किंवा राग आला, की मेंदूतले हायपोथॅलॅमस आणि अमिग्डाला वरून या केंद्राचा हिशेबच बदलतात आणि दाब चढलेला असूनही हृदय धडधडत राहतं.

नावातला तो जुना प्रयोग दवाखान्यात अजून चालतो. छाती एकाएकी भरधाव धडधडू लागलेल्या रुग्णाला आडवं करतात, स्टेथोस्कोप मानेला लावून धमनी तुंबल्याचा आवाज येत नाही ना ते पाहतात, मग जबड्याच्या कोनाखाली एकाच बाजूला काही सेकंद दाबून चोळतात. ईसीजीच्या कागदावर दाटीवाटीने उभे असलेले ठोके एकदम लांब लांब पडू लागतात.