उंबरठ्याशी थांबलेले पाऊल

दादाकाका उंबरठ्याशी थांबायचे, हे घरातल्या सगळ्यांना आठवत असेल. पाय धड होते, जिनासुद्धा चढायचे. पण दारात आले की चिकटल्यासारखे उभे! हातपाय शाबूत, इच्छाही आहे, मग अडतं कुठे?

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817 साली सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यातले काही तर त्याने रस्त्यात पाहिलेले. 1960 साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांना अशा रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी आढळलं. पण ते कमी झाल्यावर पुढे नेमकं काय होतं?

1990 च्या सुमारास आल्बिन, डीलाँग वगैरेंनी चौकटी आणि बाणांचं चित्र मांडलं. मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियात, एक वाट हालचालीला 'जा' म्हणते, दुसरी 'थांब'. डोपामिन घटलं की ब्रेक जास्त लागतो. माकडांमध्ये या ब्रेकला जोर देणारं सबथॅलॅमिक केंद्र निकामी केलं, तर हालचाल सुधारली. चित्र जुळलं!

मग घोटाळा झाला. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बेनाबिद 1987 पासून मेंदूत तार बसवून विजेचे जलद ठोके देत होते. पुढे त्याच सबथॅलॅमिक केंद्रात सेकंदाला शंभराहून जास्त ठोके दिले, तरी रुग्णाला आराम! केंद्र मारलं तरी बरं, डिवचलं तरी बरं?

इथे संगणक कामी आला. 2004 साली रुबिन आणि टर्मन या गणितज्ञांनी जेमतेम काही डझन पेशींचं जाळं समीकरणांत उभं केलं. त्यात आजारी पेशी घोळक्याने, थांबून थांबून ठोके देत होत्या आणि थॅलॅमसचे निरोप हुकत होते. बाहेरून जलद ठोके दिल्यावर ब्रेक उलट वाढला, पण एकसारखा झाला, आणि निरोप पोचू लागले. पंख्याच्या एकसुरी घरघरीत झोप लागते, मधूनच भुंकणाऱ्या कुत्र्यामुळे नाही, तसंच काहीसं. ब्रेक किती लागतो यापेक्षा कसा लागतो, ते महत्त्वाचं ठरलं.

मॉडेल म्हणजे मेंदू नव्हे, हे खरंच. पण लयीकडे लक्ष वेधलं गेलं. 2025 साली अमेरिकेत, मेंदूतली लय ओळखून ठोके आपोआप कमीजास्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली.

काकूंनी मात्र उंबरठ्यापुढे खडूची रेघ मारली होती. ती ओलांडायला म्हणून काका पाऊल उचलत आणि आत येत. त्या काही डझन पेशींत ना उंबरठा होता, ना खडूची रेघ.

असो. समीकरणं अजून बरीच मांडायची आहेत.