फड सिंचन पद्धती : नेटवर्क विश्लेषणाच्या दृष्टीतून माणूस व निसर्ग यांचे संबंध

प्रस्तावना :
इतिहासलेखनात निसर्ग आणि समाज यांचा विचार बहुधा दोन वेगळ्या प्रकरणांत होतो. एका प्रकरणात नद्या, पर्जन्य व जंगले येतात, तर दुसऱ्यात जमीनधारणा, जाती व महसूल. या दोहोंना जोडणारे दुवे दुर्लक्षित राहतात. नेटवर्क विश्लेषण ही पद्धती या दुव्यांनाच अभ्यासविषय मानते. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील फड सिंचन पद्धतीच्या आधारे तिची उपयुक्तता व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पद्धतीची पार्श्वभूमी :
व्यक्तींमधील संबंध बिंदू व रेषांनी दाखविण्याची रीत जेकब मोरेनो यांनी १९३४ च्या ग्रंथात मांडली. १९५४ मध्ये मानवशास्त्रज्ञ जॉन बार्न्स यांनी नॉर्वेतील ब्रेमनेस या बेटावरील वस्तीचा अभ्यास करताना 'सामाजिक जाळे' ही संकल्पना विश्लेषणासाठी वापरली. तोवर बिंदू म्हणजे माणूसच होता. पुढे जंगल, पाणी, जमीन यांनाही बिंदू मानले जाऊ लागले. ओर्यान बोडिन व मारिया टेंग्यो यांनी २०१२ मध्ये दक्षिण मादागास्करमधील आंड्रोय प्रदेशाच्या अभ्यासात दोन समाजघटक व दोन निसर्गघटक यांची छोटी रचना हे विश्लेषणाचे एकक मानले.

फड पद्धतीची रचना :
पांझरा, मोसम आदी नद्यांवरील या पद्धतीला तीन-चार शतकांची परंपरा असल्याचे मानले जाते. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटातून चाऱ्या आणि शेवटी शेतापर्यंत जाणारे सारंग अशी पाण्याची वाट असते. भिजणारे क्षेत्र साधारणतः चार फडांत विभागलेले असते. एका फडात एका हंगामी एकच पीक घेतले जाते; ऊस कोणत्या फडात, हंगामी पिके कोणत्या फडात आणि कोणता फड पडीक ठेवायचा हे गाव ठरवते. पिकांच्या या फेरपालटीमुळे जमिनीचा कस टिकतो व ती पाणथळ होण्याचा धोका कमी होतो. शेतकऱ्याची जमीन बहुधा एकाच ठिकाणी नसून निरनिराळ्या फडांत विखुरलेली असते. पाणी वाटण्याचे काम गावाने नेमलेला पाटकरी करतो.

विश्लेषण :
महसुली दृष्टीने जमिनीचे असे विखुरणे हा दोष ठरतो. जाळ्याच्या आकृतीत मात्र त्याचा अर्थ पालटतो. उदाहरणादाखल चाळीस शेतकरी व चार फड कल्पावेत. प्रत्येकाची जमीन एकाच फडात असेल आणि प्रत्येक फडात दहा जण असतील, तर समान फडामुळे जोडल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या जोड्या १८० होतात. प्रत्येकाची जमीन चारही फडांत असल्यास चाळीस जणांतील सर्व ७८० जोड्या परस्परांशी जोडल्या जातात. शिवाय पाटाच्या मुखाशी असलेल्या शेतकऱ्याचा एखादा तुकडा शेपटाकडेही असतो. त्यामुळे वरच्याने पाणी अडविले तर त्याचे स्वतःचेच दुसरे पीक वाळते. न्याय्य वाटपाला केवळ सदिच्छेचा नव्हे, तर जमिनीच्या मांडणीचाही आधार होता, हे यातून स्पष्ट होते.

मर्यादा :
याच आकृतीत पाटकरी सर्वाधिक दुवे असलेला बिंदू ठरतो. तथापि तो गावाचा सेवक होता. पाण्याचा निर्णय जमीनधारकांचा होता. दुव्यांची संख्या म्हणजे सत्ता नव्हे. प्रत्येक रेषा हक्काची आहे, कर्तव्याची आहे की मजुरीची, हे आकृती सांगत नाही. त्यासाठी दप्तर, उतारे व मौखिक साक्ष यांकडेच वळावे लागते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. बिंदू कागदपत्रांतून निवडले, तर खातेदार तेवढे दिसतात. उसाच्या तोडणीला राबणारे भूमिहीन मजूर आणि स्वतःच्या नावे जमीन नसलेल्या स्त्रिया आकृतीबाहेर राहतात, जरी त्यांच्या श्रमाशिवाय फड उभा राहिला नसता. साधनांतील वगळणूक अशा रीतीने शास्त्रीय आकृतीत कायम होण्याचा धोका संभवतो.

जाळ्याचे विरणे :
विसाव्या शतकात नद्यांच्या वरच्या भागांत धरणे झाली, विहिरी वाढल्या, आणि अनेक गावांत ही पद्धती क्षीण झाली. विहीर शेतकऱ्याला पाणी देते, परंतु शेजाऱ्यावरील त्याचे अवलंबित्वही कमी करते. आकृतीच्या भाषेत, सामाईक बंधाऱ्याकडे जाणारी रेषा तुटते आणि प्रत्येकाचा स्वतंत्र बिंदू भूजलाशी जोडला जातो. भूजलही सामाईकच असते. परंतु ते डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला पाटकरी नसतो.

निष्कर्ष :
फड पद्धतीचे सामर्थ्य केवळ बंधाऱ्याच्या दगडांत किंवा केवळ गावाच्या एकीत नव्हते. ते पाणी, जमीन व माणसे यांना जोडणाऱ्या दुव्यांत होते. म्हणून बंधाऱ्याची दुरुस्ती झाली तरी पद्धती आपोआप पुनरुज्जीवित होत नाही. नेटवर्क विश्लेषण हे दुवे मोजून दाखविते. त्यांचा अर्थ लावण्याची आणि आकृतीबाहेर राहिलेल्यांना शोधण्याची जबाबदारी इतिहासकाराचीच राहते.