ख्रिस्ती श्रद्धा आणि भूमीची राखण

कळंब हें नांवच मुळीं एका वृक्षाचें आहे. संस्कृतांत ज्यास कदंब म्हणतात, त्यासच आपल्या भाषेंत कळंब म्हणतात. ज्या चिंतामणीच्या मंदिरामुळें चक्रावतीकांठचें हें गांव दूरवर ठाऊक आहे, तें आमच्या हिंदु बांधवांचें मंदिरही जमिनीच्या पातळीखालीं असून तेथील कुंडापाशीं पायऱ्या उतरून जावें लागतें. वृक्ष आणि पाणी ज्या गांवाच्या ओळखींतच आहेत, तेथील ख्रिस्ती जनांकरितां ह्या स्मरणिकेंत भूमीच्या राखणीविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस उचित वाटतें. कित्येक भाविक आम्हांस म्हणतात, "फादर, आपण आत्म्याकडे पाहावें, बांध व चर हें सरकारचें काम." ह्या म्हणण्याचें उत्तर इतिहासानेंच दिलेलें बरें.

ह्याच्या उलट बाजूनेंही एक आक्षेप आहे. लिन व्हाइट नांवाच्या अमेरिकन इतिहासकारानें 1967 सालीं असें प्रतिपादन केलें कीं, सृष्टीच्या नासाडीचा मोठा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माकडे जातो; कारण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत मनुष्यास पृथ्वीवर सत्ता दिली आहे. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत मनुष्यास बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करण्यास. आपल्याकडे ज्वारीच्या शेतांत रात्रीं जागलीस बसणारा मनुष्य शेताचा धनी असतोच असें नाहीं. पण सकाळीं धन्यास जाब द्यावा लागतो तो त्यासच. ह्याच व्हाइटनें संत फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता मानावें अशी सूचना केली होती, आणि 1979 सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं तसें विधिपूर्वक घोषित केलें.

प्राचीन ख्रिस्तसभेचा आचारही हेंच सांगतो. पांचव्या शतकांत गॉल देशांतील व्हिएन येथील बिशप मामेर्तुस यांनीं स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीं तीन दिवस उपवास व प्रार्थनायात्रा सुरू केली. पुढें ती सर्वत्र पसरली, व खेडोपाडीं ही यात्रा शेतांच्या बांधांवरून जाऊं लागली. आपल्या मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन समाजांत आक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेरा साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या त्या दिवशीं वेदीजवळ येतात. तेव्हां शेत हा विषय वेदीस परका होता असें कोणीं म्हणूं नये.

तथापि लोंबी अर्पिणें सोपें. ती पिकविणारी माती डोंगरावरून वाहून जात असतां तिला अडविणें अवघड. ह्या बाबतींत महाराष्ट्रांतील ख्रिस्ती इतिहासांत फादर हर्मन बाखर, ये. स. यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. हे स्वित्झर्लंडचे येसूसंघीय धर्मगुरु 1948 सालीं भारतांत आले, आणि त्यांच्या आयुष्याचीं अनेक वर्षें अहमदनगर जिल्ह्यांत (आतां अहिल्यानगर) गेलीं. 1972 च्या दुष्काळानें सर्व महाराष्ट्र होरपळला. त्यानंतर जागोजाग विहिरी खणण्यांत आल्या. पण भूमीच्या पोटांत कांहीं न घालतां नुसतें उपसीत गेल्यास विहीर किती दिवस पुरणार? म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावयाचें, वर समपातळींत चर, मधें बांधबंदिस्ती, खालीं नाल्यावर बांध, ही रीत धरण्यांत आली. धांवणारें पाणी चालूं लागावें, व चालणारें थांबून जिरावें, इतकाच तिचा मतलब. 1989 सालीं नाबार्ड बँक व जर्मन सरकार यांच्या साह्यानें इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची उभारणी सुरू झाली. आणि 1993 सालीं बाखर यांनीं क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली.

आम्हांस विशेष वाटतो तो त्यांतील अटींचा. गांवानें आधीं श्रमदान करून दाखवावें. मजुरीच्या खर्चापैकीं 16 टक्के वांटा स्वतः उचलावा. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी. फुकट मिळालेला बांध कोणाचाच नसतो, हें बाखर यांनीं नेमकें ओळखलें होतें. मात्र चराईबंदीचा पहिला भार शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनावर पडतो. डोंगर हिरवा व्हावा आणि विधवेची शेळी विकली जावी, ही गोष्ट आम्हांस सुखाची वाटत नाहीं. म्हणून भूमिहीनांस वर्गणींतून दिलेली सूट आम्ही त्या कार्याचें हृदय समजतों. 2009 सालीं ह्या संस्थेस क्योटो जागतिक जल पारितोषिक मिळालें. फादर बाखर 2021 सालीं निवर्तले.

वसईंत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसईसाठीं बिल्डर व गुंडगिरी यांशीं दिलेला झगडा सर्वश्रुत आहे. 2024 सालीं ते प्रभूघरीं गेले. 2015 सालचें पोप फ्रान्सिस यांचें 'लाउदातो सी' हें परिपत्रक ह्या सर्व कार्यामागून आलें, हें लक्षांत ठेवावें.

आतां घराकडे वळूं. जलसंधारणाचें स्वतंत्र खातें 1992 सालीं महाराष्ट्रांत निघालें तें सुधाकरराव नाईक यांच्या कारकीर्दींत, आणि ते आपल्याच जिल्ह्यांतील पुसदचे. अशा जिल्ह्यानें माती-पाण्याविषयीं कोणाच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण नाहीं. परंतु ह्याच यवतमाळ जिल्ह्यांत 2017 सालच्या हंगामांत कपाशीवर विषारी औषधें फवारतांना सुमारे वीस जण प्राणांस मुकले व शेंकडों आजारी पडले. संत बेनेदिक्त यांनीं सहाव्या शतकांत आपल्या मठाच्या नियमांत असें लिहून ठेविलें आहे कीं, मठाचीं सर्व अवजारें वेदीवरील पात्रांप्रमाणें मानावीं. त्या नियमानें पाहतां पाठीवरचा फवारणीचा पंपही जपून हाताळण्याची वस्तु ठरतो, आणि तो वाहणारा मनुष्य त्याहून अधिक. औषधाची बाटली विकत घेणारा एक व ती फवारणारा रोजंदारीचा मजूर दुसरा, असें आपल्याकडे पुष्कळदां असतें. त्यास तोंडावरचा पडदा, हातमोजे आणि वाऱ्याच्या विरुद्ध न फवारण्याची मुभा देणें हें मालकाचें कर्तव्य होय. कपाशीच्या हंगामांत, मिस्सेनंतरच्या सूचनांबरोबर, हें आम्ही दरवर्षीं वाचून दाखवितों.