अठराव्या शतकातील इंग्लिश मुद्राचित्रे : फॅशन, उपहास आणि ऐतिहासिक पुरावा

प्रस्तावना

अठराव्या शतकातील युरोपीय समाजजीवन शिकविताना हातभर उंच केशरचना केलेल्या स्त्रीचे चित्र हमखास दाखविले जाते आणि ‘त्या काळी उच्चवर्गीय स्त्रिया अशा राहत असत’ असे विधान त्यास जोडले जाते. प्रस्तुत लेखकानेही पदवी वर्गांना हे चित्र काही वर्षे याच पद्धतीने शिकविले आहे. वस्तुतः असे चित्र बहुधा थट्टेसाठी काढलेले व दुकानात विकलेले मुद्राचित्र असते. त्यास साक्षीदार मानावयाचे तर नेमके कशाचे, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

टोप आणि दर्जा

मुद्राचित्र म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून, त्यात शाई भरून कागदावर घेतलेला छाप. विल्यम होगार्थ व त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांमुळे 1735 साली पार्लमेंटने कोरीव चित्रकारांना त्यांच्या कृतींवर 14 वर्षांचा हक्क दिला आणि या व्यवसायास स्थैर्य आले. होगार्थच्या ‘द फाइव्ह ऑर्डर्स ऑफ पेरिविग्ज’ (1761) या चित्रात केसांच्या टोपांचे वर्गीकरण प्राचीन स्थापत्यातील स्तंभप्रकारांच्या धर्तीवर केलेले आहे. धर्मगुरू, वकील, सरदार यांचे टोप वेगवेगळे आहेत. येथे विनोद टोपांच्या डौलावर आहे. मात्र टोपावरून माणसाचा दर्जा ओळखता येतो, हे चित्रकाराने गृहीतच धरले आहे. पुढच्या दहा-बारा वर्षांत हे गृहीतकच डळमळीत झालेले दिसते.

मॅकरोनी

इटली-फ्रान्सचा प्रवास करून परतलेल्या श्रीमंत तरुणांना 1760 च्या दशकात ‘मॅकरोनी’ हे नाव पडले. तंग कोट, उंच टोप, त्यावर इवलीशी टोपी असा त्यांचा थाट असे. लंडनमधील स्ट्रँड रस्त्यावर 39 क्रमांकाचे दुकान चालविणाऱ्या मॅथ्यू व मेरी डार्ली या दांपत्याने 1771 ते 1773 या काळात मॅकरोनींच्या चित्रांचे संचच्या संच काढले. हौशी मंडळींनी पाठविलेल्या कल्पनाही ते छापीत. लवकरच हा शब्द पेहरावापासून सुटला व कोणालाही चिकटविता येऊ लागला. निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांना 1772 मध्ये दोन पृथ्वीगोलांवर पाय टाकून फुलपाखरू पकडणारे मॅकरोनी म्हणून रंगविण्यात आले. बँक्स यांच्या वेशभूषेचा पुरावा म्हणून या चित्राचा उपयोग शून्य आहे. पण नुकत्याच जगप्रदक्षिणेहून परतलेल्या शास्त्रज्ञाची कीर्ती समकालीनांना किती खुपत होती, हे त्यातून नेमके कळते.

त्याच वर्षी डार्लींनी आपल्याच दुकानाचे चित्र प्रसिद्ध केले. खिडकीत व्यंगचित्रे लटकली आहेत आणि बाहेर घोळक्याने उभे असलेले प्रेक्षक जणू त्याच चित्रांतून उतरले आहेत. साधा छाप साधारणतः सहा पेन्सला व रंगविलेला एक शिलिंगला मिळे. लंडनमधील मजुराची दिवसाची कमाई दोन शिलिंगांच्या आसपास होती, हे लक्षात घेता छाप घरी नेणारा ग्राहक बहुतांशी खाऊनपिऊन सुखी वर्गातलाच असणार. खिडकीत पाहणे मात्र फुकट होते. ज्यांची थट्टा, तेच गिऱ्हाईक, असा हा व्यवहार होता आणि चित्रसंच जवळ असणे ही देखील एक फॅशन बनली होती.

‘व्हॉट इज धिस माय सन टॉम’ (1774) या मुद्राचित्रात खेडवळ बाप शहरी थाटातील मुलासमोर गोंधळून उभा आहे. मुलाच्या डोक्यावर प्रचंड टोप आहे आणि बाप हातातील काठीने तो चाचपतो आहे. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड वापरावे हे ठरविणारे कायदे इंग्लंडमध्ये 1604 सालीच रद्द झाले होते. मालकांचे उतरलेले कपडे नोकरांना देण्याची चालही रूढ होती. कपड्यांवरून कोण कोणाचा हे न कळण्याची धास्ती जुनीच. 1770 च्या दशकात तिला दुकानाची खिडकी मिळाली, एवढेच. कायद्याने सोडून दिलेले काम हसण्यावर सोपविले गेले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

केशसंभाराची उंची

स्त्रियांच्या चित्रांत अतिशयोक्ती अधिक आहे. डार्लींच्या ‘रिडिक्युलस टेस्ट’ (1771) या चित्रात केशभूषाकार शिडीवर चढला आहे आणि एक गृहस्थ नाविकांच्या कोनमापक यंत्राने केसांची उंची मोजतो आहे. प्रत्यक्षात लोकर वा घोड्याचे केस यांच्या गाद्या, गंगावने, मलम व पावडर यांच्या आधाराने केस उंच केले जात, यात शंका नाही. रेनॉल्ड्सने रंगविलेल्या डचेस ऑफ डेव्हनशायरच्या व्यक्तिचित्रात उंच केस व पिसे आहेतच, पण शिडी लागावी इतके नव्हे. अर्थात व्यक्तिचित्रही खुशामत करते. खरी उंची या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी शोधावी लागते. सरदार स्त्री, तिचा केशभूषाकार, शहरात गेलेला शेतकऱ्याचा मुलगा हे एकाच कोरणीखाली का आले, हा प्रश्न इतिहासकारास त्या उंचीपेक्षा अधिक मोलाचा वाटावा.

पावडरीच्या बाबतीत तर उपहासाची बाजू कोणती हेच सांगता येत नाही. 1795 मध्ये पंतप्रधान पिट यांनी केसांना पावडर लावणाऱ्यांवर वार्षिक एक गिनी कर बसविला. त्याच वर्षी धान्याची टंचाई होती आणि पावडरीसाठी पिष्टमय पदार्थ खर्ची पडत. ड्यूक ऑफ बेडफर्ड व त्यांच्या विरोधी पक्षातील मित्रांनी निषेधार्थ केस कापले. कर भरणाऱ्यांना लोक ‘गिनी पिग’ म्हणू लागले. तर जेम्स गिलरेने मार्च 1795 मधील मुद्राचित्रात गिनी वाचविण्यासाठी पावडर सोडणाऱ्या कुटुंबाची तारांबळ रंगविली. कर भरला तरी हसे आणि न भरला तरी हसे. छाप मात्र दोन्ही बाजूंना विकले जात होते.